आंतरजालाचे नियमन : शब्द कोणाचे, निवाडा कोणाचा?

आंतरजालावर, म्हणजे बोलताना आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्यावर, राज्याचे नियमन असावे की नसावे, हा वाद आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर उभे राहून घातला जातो. एका पक्षाला विचारस्वातंत्र्य म्हणजे दावे तोडलेले वासरू वाटते. दुसऱ्या पक्षाला प्रत्येक नियमात हुकूमशाहीची चाहूल लागते. वस्तुतः नियमन असावे की नाही, हा प्रश्न आपल्या देशात २००० सालीच माहिती तंत्रज्ञान कायद्याने निकालात काढला. वाद उरला आहे तो नियमन कोणी करावे, कोणत्या शब्दांत करावे आणि त्याचा जाब कोणापुढे द्यावा, यासंबंधीचा. त्यांपैकी शब्दांचा भाग भाषेच्या अध्यापकांच्या विशेष जिव्हाळ्याचा असल्यामुळे प्रथम त्याकडे वळणे युक्त होईल.

२००८ च्या दुरुस्तीने या कायद्यात ६६अ हे कलम आले आणि २००९ पासून ते अमलात आले. 'अत्यंत अपमानकारक' किंवा धमकीवजा मजकूर संगणकावरून वा तत्सम साधनावरून पाठविणे, खोटी असल्याचे ठाऊक असतानाही दुसऱ्यास उपद्रव अथवा गैरसोय व्हावी म्हणून माहिती धाडणे, यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. या शब्दयोजनेचे कूळ शोधू गेल्यास ते इंग्लंडच्या १९३५ च्या टपालविषयक कायद्यात सापडते. तेथे प्रश्न होता टेलिफोनवरून येणाऱ्या अर्वाच्य बोलण्याचा. एका माणसाने दुसऱ्याच्या कानात ओतलेल्या विषासाठी बेतलेले कापड चव्हाट्यावरील चर्चेला घालावयाचे, हा मूळचाच विसंगत उद्योग होता. शिवाय उपद्रव म्हणजे काय, हे कायद्याने सांगितले नव्हते. शुद्धलेखनाच्या चुका दाखविल्यानेही काहींस उपद्रव होतो, हे शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाल्यानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींनाही अटक झाली. पुढे ते प्रकरण मिटविण्यात आले; परंतु केवळ पसंतीची खूण करणे हाही अटकेचा विषय होऊ शकतो, हे देशाला कळून चुकले. या व अशा घटनांतून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्या निकालातील एक विवेचन वर्गात शिकविण्याजोगे आहे. एखाद्या मताची चर्चा, त्या मताचा पुरस्कार आणि त्या मतापायी चिथावणी या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या. पहिल्या दोन पायऱ्या, मग त्या कोणाला कितीही अप्रिय असोत, स्वातंत्र्याच्या गाभ्यातील होत. तिसऱ्या पायरीवर मात्र राज्याला हात घालता येतो. गंमत अशी की मृत झालेले हे कलम पोलीस ठाण्यांतून पुढेही वावरतच राहिले, आणि त्याखाली कोणावरही खटला चालवू नये असे न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

यावरून नियमनाचा पक्ष दुबळा आहे असे मात्र कोणी समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षुकीसाठी आलेल्या डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरत होती. अफवा पूर्वीही होत्या. पण तेव्हा ती एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जात असे आणि वाटेत कोणीतरी शहाणा माणूस तिला अडवीत असे. आता तो अडविणारा माणूस मधून नाहीसा झाला आहे. त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंधन घातले. माझ्या मते यातील बोध महत्त्वाचा आहे. या बंधनाने कोणाचे म्हणणे दाबले नाही, मजकूर बरा की वाईट हेही ठरविले नाही. केवळ वेग कमी केला. ज्या नियमाला मजकुराचा अर्थ लावावा लागत नाही, तो तुलनेने निर्धोक असतो.

अर्थ लावण्याची वेळ आली की अडचणी सुरू होतात, आणि त्या मराठीच्या बाबतीत अधिकच बिकट आहेत. कोकणातील आजी नातवाला 'मेल्या, इतका वेळ कुठे होतास?' म्हणते तेव्हा त्यात माया असते. 'अमक्याने तमक्याचा केसाने गळा कापला' या वाक्यात रक्ताचा थेंबही नसतो. उलट अत्यंत गोड, 'पाहुणचार करू' एवढ्याच शब्दांत गावगुंड खरी धमकी देऊ शकतो. तुकोबांच्या अभंगांतील शिव्या शब्दकोश पाहून वगळू लागलो तर गाथेचे काय होईल, याची कल्पना करावी. हजारो मजकूर क्षणात चाळणारी यंत्रे, किंवा मराठी न जाणणारा दूरदेशीचा कारकून, या छटा कशा ओळखणार?

आणि अर्थ लावणारा सत्ताधारीच असेल तर? खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात कर्झनसाहेब दिसल्यामुळे सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. सालाझारच्या राजवटीत गोव्यात मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून जावा लागे, आणि १८ जून १९४६ ची मडगावची सभा याच नागरी स्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध होती. हा इतिहास ज्यांच्या घरांतून गेला आहे, त्यांना केंद्र शासनाच्या २०२३ च्या नियमातील धोका चटकन दिसला असेल. शासनाच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा, हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, अशी ती योजना होती. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य असल्याचे मत दिले. वादीनेच न्यायासनावर बसू नये, एवढी साधी ही गोष्ट आहे.

मजकूर रोखण्याचा शासनाचा अधिकार ६९अ कलमाखाली शाबूत आहे, आणि २०१५ च्या निकालाने तो उचलूनही धरला. कारण तेथे लेखी कारणे व समितीची छाननी यांची अट आहे. तथापि त्याच नियमांत गुप्ततेचेही बंधन आहे, आणि आदेशच दिसत नसेल तर त्याविरुद्ध दाद मागावयाची कशी, याचे समाधानकारक उत्तर मला कोठे आढळले नाही. इंटरनेट बंद ठेवण्याच्या आदेशांबाबत, ते प्रसिद्ध केलेच पाहिजेत असे न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितले. तोच दंडक येथेही लागू करण्यास हरकत नसावी.

राहता राहिल्या कंपन्या. त्यांनी काढून टाकलेल्या मजकुराचा जाब विचारण्यासाठी ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्यांची तरतूद केली आणि जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमण्यात आल्या. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे आपल्या संस्थांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. कंपन्यांनी आपले नियम इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील, वापरणाऱ्याने निवडलेल्या भाषेत त्यास कळविले पाहिजेत. मराठी त्या अनुसूचीत आहे. मग वापरणारा बेळगावचा असो, इंदूरचा असो की बडोद्याचा. ही मराठी नियमावली मागवून घ्यावी, तीत 'अपमानकारक', 'द्वेषमूलक', 'दिशाभूल' या शब्दांसाठी काय योजिले आहे ते तपासावे, आणि जेथे भाषांतर फसले असेल तेथे लेखी हरकत नोंदवावी, हे काम वकिलांपेक्षा भाषेच्या शिक्षकांना अधिक चांगले साधेल.