समुद्र कुठे वाहतोय हे कसं कळतं?

वादी कबीरमध्ये जोराचा पाऊस झाला की वादी भरून वाहते. पाण्यात पडलेला खोका कुठे चाललाय ते गच्चीवरूनही दिसतं. डोंगरापलीकडे सिदाबला समुद्र आहे. वाहतो तोही, पण नुसतं बघून कळत नाही. आणि ते कळणं कधीकधी फार गरजेचं असतं.

जुलै 2024 मध्ये ओमानच्या दुक्मजवळ 'प्रेस्टिज फाल्कन' हा टँकर उलटला. जहाजावर 16 जण होते, त्यांतले 13 भारतीय. भारतीय नौदलाच्या 'आयएनएस तेग'ने 9 जणांना जिवंत वाचवलं. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, शोधायचं कुठे? सेकंदाला अर्धा मीटर हा वेग आपल्या रमतगमत चालण्यापेक्षाही कमी. पण त्या वेगाने माणूस दिवसभरात 43 किलोमीटर वाहून जातो.

मग हा वेग मोजायचा कसा? एक मार्ग म्हणजे तरंगतं यंत्र, ड्रिफ्टर. वर छोटा गोळा, खाली 15 मीटर खोलीवर कापडाचं लांब नळकांडं. नळकांड्यामुळे तो वाऱ्याऐवजी पाण्याबरोबर जातो आणि उपग्रहामार्फत आपली जागा कळवत राहतो. पण तो जिथे असेल तिथलंच सांगणार.

दुसरा मार्ग किनाऱ्यावरचा रडार. त्याची रेडिओलहर 20 मीटर लांबीची असेल, तर ती बरोबर निम्म्या, म्हणजे 10 मीटर लांबीच्या समुद्रलाटांवरून सर्वांत जोरात परत येते. खोल पाण्यात अशी लाट सेकंदाला साधारण 4 मीटर जाते, हे गणिताने ठाऊक आहे. मोजलेला वेग त्याहून जितका कमी-जास्त, तितका प्रवाह. मात्र एका रडारला पाणी जवळ येतंय की लांब जातंय एवढंच समजतं. खरी दिशा कळायला दुसऱ्या ठिकाणी आणखी एक रडार लागतो.

गंमत अशी की दोघांचा 'पृष्ठभाग' वेगळा. ड्रिफ्टर सांगतो 15 मीटरच्या आसपासचं, असा रडार वरच्या मीटरभराचं. माणूस तरंगतो अगदी वर, आणि त्याला वाराही ढकलतो. जुलैत तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असतात. म्हणून ही सगळी मापं एकत्र करूनच अंदाज बांधावा लागतो.

अंदाज सेकंदाला फक्त 10 सेंटीमीटरने चुकला तर? दिवसाला साडेआठ किलोमीटरची चूक, दोन दिवसांत सतरा. अंतर दुप्पट झालं की शोधायचं क्षेत्र चौपट होतं. जहाजं मात्र तेवढीच असतात.