चिया वाशीमचा, कारळं पाखरांची

वाशीमच्या बाजार समितीत रब्बीचा माल यायला लागला की सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या पोत्यांशेजारी अलीकडे आणखी एक पोतं दिसतं. दाणा तिळाहून लहान, करडा, अंगावर काळसर नक्षी; मूठ भरली तर बोटांच्या फटींतून वाळूसारखा गळणारा. हा चिया. मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाचा, ॲझ्टेक लोकांच्या आहारातला, आणि आता युरोप-अमेरिकेतल्या तब्येत सांभाळणाऱ्यांच्या न्याहारीत जाऊन बसलेला. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याच्या लागवडीला हात दिला आणि वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. सुरुवातीला माल मध्य प्रदेशातल्या नीमचला न्यावा लागे. आता खरेदी वाशीमलाच होते. ज्याच्या वावरात तो पिकतो त्याच्या घरात मात्र तो क्वचितच भिजत पडतो. अमेरिकेत याच्या बरोबर उलट चित्र आहे. वऱ्हाडात ज्याची चटणी कुटतात ते कारळं भारत, इथिओपिया, म्यानमार इथून तिकडे जहाजाने जातं आणि पाखरांच्या खाद्याच्या दुकानात विकलं जातं. त्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं असेल या धास्तीने ते सुमारे १२० अंश सेल्सियसला १५ मिनिटं तापवलेलं असावं लागतं. मग ते बारीक भोकांच्या नळकांड्यात भरून अंगणात टांगतात आणि गोल्डफिंच नावाची पिवळी पाखरं त्याला लटकून खातात.

परदेशात गेलेल्या वऱ्हाडी कुटुंबाच्या किराण्याचा विचार या दोन पोत्यांपासून सुरू करायला हवा. ‘तिकडे आपलं काही मिळत नाही’ ही तक्रार जुनी आहे, आणि ‘आता तिकडे सगळं मिळतं’ हे तिला दिलं जाणारं उत्तर. दोन्ही अर्धवट आहेत. माल बहुतेक ठिकाणी असतोच, कित्येकदा त्या देशातच पिकलेला असतो. अडतं ते दोन गोष्टींवर: तो कुठल्या नावाखाली, कुठल्या फळीवर ठेवलाय हे कळत नाही, आणि त्याच्यावर शेवटचं जे काम व्हायला हवं – भरडणं, दळणं, भाजणं, कुटणं – ते झालेलं नसतं. ओळखीची चव पिकापेक्षा या दोन गोष्टींत अधिक असते, असं माझं म्हणणं आहे.

तूर घ्या. वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीचं तास ही पेरणीची रूढ पद्धत. तूर म्हणजे अगदी आपली, असं वाटण्यासारखीच परिस्थिती आहे. पण मलावीत हीच तूर ‘नंदोलो’ म्हणून पिकते, स्वाहिली बोलणाऱ्या किनाऱ्यावर ‘म्बाझी’ म्हणून नारळाच्या दुधात शिजते, जमैकात ती ‘गुंगो’ आहे आणि पोर्तो रिकोत ‘गांदुलेस’. पोर्तो रिकोच्या सणासुदीला गांदुलेस घातलेला भात असतोच. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानात लॅटिन अमेरिकी मालाच्या फळीवर हिरव्या गांदुलेसचा डबा दिसतो. तो उघडला तर आत आपले सोले असतात. डिसेंबर-जानेवारीत ज्याला सोलेभाताची आठवण येते तो बहुधा त्या फळीसमोरून तसाच पुढे निघून गेलेला असतो. भारतीय दुकानातल्या बर्फपेटीतही ते मिळतात, पण पाकिटावर लिहिलेलं असतं ‘तुवेर लिलवा’. हा गुजराती शब्द. तो तिथे असण्याला कारण आहे. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मफत आणि तुलसी पटेल या भावांनी पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान काढलं; आज त्यांची पन्नासहून अधिक दुकानं आहेत. ज्याने दुकान घातलं त्याने पाट्या लिहिल्या, त्यात रागावण्यासारखं काही नाही. मराठी माणसाने परदेशात मंडळं काढली, नाटकं बसवली, गणपती आणले; वाण्याचं दुकान मात्र फारसं काढलं नाही, त्याचा हा हिशेब आहे.

आता डाळीकडे वळू. जून २००६ मध्ये भारताने डाळींच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती २०१७ पर्यंत, काही अपवाद वगळता, चालू राहिली. या ११ वर्षांत न्यू जर्सीतलं किंवा लंडनमधलं वरण बंद पडलं का? नाही. मलावी, टांझानिया, म्यानमार इथल्या तुरीवर ते शिजत राहिलं. इतकंच काय, खुद्द भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी करार करून तिथून वर्षाला २ लाख टनांपर्यंत तूर आणण्याचं ठरवलं. म्हणजे वाशीममधल्या ताटातलं वरणही आफ्रिकेतल्या तुरीचं असू शकतं आणि खाणाऱ्याला ते कळत नाही. कळत नाही कारण ओळख दाण्यात नसून डाळीत आहे. मलावीचा शेतकरी तूर अख्खी उकडतो, पोर्तो रिकोचा माणूस हिरवी खातो. तिला तेलपाण्याचा हात लावून, वाळवून, टरफल काढून, दोन डाळिंब्या वेगळ्या करण्याचा उद्योग आपला. अकोल्याच्या डाळ मिलांचं सगळं अर्थकारण यावर उभं आहे, आणि तिथल्याच पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर हे काम व्हावं म्हणून ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ तयार केली. परदेशातल्या दुकानात डाळीची दोन प्रकारची पाकिटं शेजारी शेजारी असतात: एक कोरडी, एक ‘ऑइली’. त्या दुसऱ्या पाकिटातली डाळ हाताला चिकट लागते, तिला तेलाचा, बहुधा एरंडेलाचा, हात असतो. नवख्या मुलांना ती खराब वाटते. त्यांच्या आजीने वर्षाची डाळ भरताना एरंडेलच चोळलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ज्वारीची गोष्ट याहून गमतीची. अमेरिका हा ज्वारी पिकवणाऱ्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक, आणि त्यात कॅन्सस राज्य पुढे. तिथे तिला ‘मायलो’ म्हणतात. ती बहुतांशी तांबूस असते आणि जनावरांच्या खाद्यात, इथेनॉलमध्ये किंवा बोटीने चीनला जाते. कॅन्ससमध्ये नोकरीला असलेलं एखादं वऱ्हाडी कुटुंब मैलोन् मैल ज्वारीच्या शेतांतून गाडी चालवत भारतीय दुकानात जाऊन भारतातून आलेलं ज्वारीचं पीठ विकत घेऊ शकतं. आणि त्या पिठाची भाकर नीट होत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. गरम पाण्याने पीठ मळलं की त्यातलं पिष्ट थोडं फुलतं, तेवढ्या आधारावर भाकर थापली जाते. पीठ जुनं झालं की विरी जाते, कड फाटते, आणि कडवटपणा येतो तो वेगळाच. जहाज, गोदाम, फळी असा प्रवास करून आलेल्या पिठाकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा नसावी. तिथल्याच आरोग्याच्या दुकानांत पांढऱ्या ज्वारीचं पीठ ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठी विकतात. ते ताजं असेल तर भाकर त्याची बरी होते. आणखी बरा उपाय म्हणजे अख्खी ज्वारी घेऊन घरच्या छोट्या गिरणीवर लागेल तेवढी दळणं. थोडक्यात, ‘भारतातून आलेलं’ आणि ‘ताजं दळलेलं’ यांपैकी एकच निवडायचं असेल तर दुसरं निवडावं.

यावर सर्वांत वजनदार हरकत अशी घेतली जाते की चव मातीत असते, बाकी सगळं वरवरचं. काही वस्तूंच्या बाबतीत हे मान्य करायलाच हवं. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला, आणि २०२४ मध्ये वाशीमच्या शेजारच्या हिंगोलीतल्या वसमतच्या हळदीलाही मिळालेलं भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही. तिखटाचा रंग, हळदीचा वास यांत वाण आणि जमीन बोलते. मेक्सिकन दुकानातल्या वाळल्या लाल मिरच्यांनी ठेचा-तिखटाची गरज भागते, पण रस्स्याचा रंग तोच येईल असं नाही. मात्र हा नियम पूर्ण किराण्याला लावला की गफलत होते. जवसच पाहा. तिकडे कुठल्याही दुकानात जवस ‘फ्लॅक्स’ म्हणून भरपूर मिळतं, कॅनडात ते अमाप पिकतं. ते मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून कुटलं तर चटणी वऱ्हाडीच होते. तिकडचे लोक तेच कच्चं दळून दह्यात घालतात म्हणून ते आपल्याला परकं वाटतं. लाल अंबाडीची वाळलेली बोंडं मेक्सिकन दुकानात ‘हामाइका’ म्हणून सरबतासाठी ठेवलेली असतात आणि कॅरिबियन लोक त्यांना ‘सॉरेल’ म्हणतात. पाला हवा तर तेलुगू मंडळींच्या दुकानात ‘गोंगुरा’ म्हणून विचारावं. खाण्याचं कारळंही कर्नाटकी दुकानात ‘गुरेळ्ळु’ची तयार चटणी म्हणून सापडतं, पाखरांच्या दुकानातलं उचलू नये, ते माणसांसाठी साफ केलेलं नसतं. आणि सोयाबीन? ज्या जिल्ह्याचं सबंध खरीप सोयाबीनवर उभं, तिथला मुलगा टोकियोत जाऊन खारवलेल्या हिरव्या शेंगा ‘एदामामे’ म्हणून पहिल्यांदा चाखतो. घरी असताना त्याने त्या शेंगेकडे तेलाच्या कारखान्याचा माल म्हणूनच पाहिलेलं असतं.

कायद्याची अडचण वेगळी, ती नावं कळून सुटत नाही. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात खसखस नेता येत नाही; अफूच्या झाडाचं बी म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. सिंगापुरातही तिच्यावर कडक निर्बंध आहेत. रस्सा दाट करायला खसखस वाटणाऱ्या घरातून निघालेल्या बॅगेत एवढीशी पुडी राहिली तर ती भारी पडू शकते. तिच्या जागी तीळ आणि खोबरं वाटावं, वासात उणं पडेल, दाटपणात नाही. अमेरिकेत ताजा कढीपत्ता बॅगेतून नेता येत नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांना रोग लावणारा किडा त्यावर पोसला जातो. संत्र्याच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हे कारण तरी समजायला हरकत नसावी. आणि कधी कधी अडथळा आपल्याच बाजूने येतो. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांसमोर रांगा लागल्या आणि दरडोई एकच पोतं अशा चिठ्ठ्या चिकटल्या.

दुसरी हरकत अशी की परदेशी गेल्यावर तिथलं खावं, घरचा डबा धरून बसणं हा हट्ट झाला. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते चुकीच्या माणसाला सुनावलं जातं. ज्याला गांदुलेस, हामाइका, फ्लॅक्स, मायलो यांची ओळख पटली तो तिथल्याच शेतातलं, तिथल्याच दुकानातलं खातो. जो हजारो मैलांवरून सहा महिन्यांपूर्वीचं पाकीट मागवतो तो खरा अलिप्त राहतो. घरची चव राखायला स्थानिक बाजाराची जास्त माहिती लागते, कमी नाही.

मग वाशीमचा यात वाटा कोणता? सध्या तरी पोतं भरून देण्याचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झाला, म्हणजे किलोला ८० रुपये. भरडणं, पॅकिंग, नाव यांचे पैसे पुढच्या टप्प्यांवर इतरांना मिळतात. चियाचंही तेच. जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायका जवसाची, कारळ्याची चटणी, सरगुंडे, कुरड्या उत्तम करतात, तेव्हा ते शेवटचं काम इथेच करून बाहेर पाठवावं हे म्हणणं सोपं आहे. यावर व्यवहारी माणूस विचारेल की एका जिल्ह्याच्या चटणीला परदेशात गिऱ्हाईक किती, आणि तिकडची तपासणी झेपणार का? प्रश्न योग्य आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून काही नामांकित भारतीय मसाल्यांची विक्री अडवली. मोठ्यांची ही गत, तर गटाच्या चटणीचं काय. त्यातून जवस-कारळ्याला तेल फार, कुटल्यावर दोन-तीन महिन्यांत खवट वास धरतो. म्हणून परदेशाचं स्वप्न आधी दाखवू नये. भाजलेलं, न कुटलेलं बी आणि वेगळी मसाल्याची पुडी असं पाकीट जास्त टिकेल, आणि ते आधी जवळच विकून पाहावं.

वाशीमच्या माणसाचा पहिला परदेश पुणेच असतो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून समृद्धी महामार्गाला लागलेली मुलं तिकडेच उतरतात, आणि किराण्याचा पहिला घोटाळा तिथेच होतो. खानावळीत ‘बेसन-भाकर’ मागितली तर वाढणारा आधी गोंधळतो, मग पिठल्याची वाटी पुढे करतो. कोपऱ्यावरच्या दुकानात कारळं मागितलं तर दुकानदार विचारतो, ‘खुरासणी का?’, आणि नाहीच म्हटलं तर आतल्या फळीवरून चियाची बरणी काढून दाखवतो.