झेंडा एक दिवस, जवान वर्षभर

डिसेंबरची सात तारीख आली की मुलं शाळेतून घरी येतात ती छातीवर एवढासा कागदी झेंडा लावून. लाल, गडद निळा आणि फिकट निळा. भूदल, नौदल आणि हवाईदल या तिन्ही दलांचे ते रंग. आदल्या रात्री "आई, बाईंनी पैसे आणायला सांगितलेत" असं चिरंजीवांनी बजावलेलं असतं, आणि आपण डब्यातल्या सुट्या पैशांतून दहा-वीस रुपये काढून दिलेले असतात. संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना झेंडा काढून फडताळावर ठेवला, की आपला ध्वजदिन संपला!

मैत्रिणींनो, त्या दहा-वीस रुपयांचं पुढे काय होतं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत? मीही विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली ती आमच्या आळीतल्या एका काकूंमुळे.

काकूंचे यजमान १९६३ साली फौजेत भरती झाले. चीनच्या युद्धानंतर गावोगाव भरती चालू होती, तेव्हाची ही गोष्ट. १९६५ च्या लढाईत ते होते. १९७२ साली वडील गेले, शेती बघायला कुणी उरलं नाही, म्हणून नोकरी सोडून घरी आले. पंधरा वर्षांची नोकरी पुरी झाली नव्हती, त्यामुळे पेन्शन नाही. पुढे साखर कारखान्यात रखवालदारी केली, मुलींची लग्नं केली. मग एके दिवशी अर्धांगाचा झटका आला आणि अंथरूण धरलं ते सहा वर्षं.

त्या सहा वर्षांत काकूंनी काय केलं नाही? रात्रीतून दोनदा कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावायची, भरवायचं, पुसायचं. मदतीला बाई ठेवायची तर पैसा कुठला? कुणी म्हटलंच, "काकू, सरकारकडून काही मिळतं का बघा," तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "अगं, त्यांना पेन्शनच नाही, तर बाकीचं कोण देणार?"

काका गेले. तेराव्याला त्यांच्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "वहिनी, सैनिक बोर्डाकडून काय काय मिळत होतं?" काकूंना प्रश्नच कळला नाही. घरपट्टी दर वर्षी भरत होत्या. जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयाची पायरी दोघांपैकी कुणीही कधी चढलं नव्हतं. काकांचं डिस्चार्ज बुक काळ्या ट्रंकेत, जुन्या गणवेशाच्या घडीखाली पन्नास वर्षं पडून होतं.

हे कार्यालय आहे तरी काय?

आपल्या प्रत्येक जिल्ह्यासाठी सैनिक कल्याणाची व्यवस्था आहे. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष स्वतः जिल्हाधिकारी असतात, आणि रोजचं काम जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी बघतात. ते बहुधा स्वतःच फौजेतून निवृत्त झालेले असतात. त्यांच्यावर राज्याचा सैनिक कल्याण विभाग, तो पुण्याला. आणि त्याच्यावर दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड. कार्यालयांचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. परंतु मदतीचा मोठा भाग ज्या पैशातून येतो, तो म्हणजे आपला ध्वजदिन निधी.

हा दिवस १९४९ पासून पाळला जातो. जिल्ह्याला निधीचं उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं. मग सरकारी कचेऱ्या, पंचायत समित्या, शाळा यांच्यामार्फत ते पुरं केलं जातं. तुमच्या मुलाच्या हातातले दहा रुपये त्यातलेच. १९९३ साली केंद्रातले निरनिराळे निधी एकत्र करून एकच ध्वजदिन निधी झाला. खडकीला, पुण्याजवळ, मणक्याला जायबंदी होऊन कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. तिथेच अपंग जवानांना हातकाम आणि तांत्रिक शिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था तर १९१७ सालची. अशा संस्थांनाही केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान जातं. आपल्या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून माजी सैनिकांच्या मुला-मुलींची वसतिगृहं आहेत, परगावाहून कामाला आलेल्या जवानाला उतरायला विश्रामगृहं आहेत.

आणि आता काकूंच्या कामाची गोष्ट. ज्यांना पेन्शन नाही, दुसरं नियमित उत्पन्न नाही, ज्यांचं वय ६५ च्या पुढे आहे आणि जे हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावर होते, अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना या निधीतून दरमहा मदत मिळते. ती पूर्वी ४,००० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ती ८,००० रुपये करण्यात आली आहे, आणि ती हयातभर मिळते. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत महिना १,००० वरून २,००० रुपये झाली, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नासाठीची मदत ५०,००० वरून एक लाख रुपये झाली.

म्हणजे "पेन्शन नाही, म्हणून काहीच नाही" ही काकूंची समजूत अगदी उलटी होती. पेन्शन नाही, म्हणूनच तर ही मदत होती!

घरपट्टीचं काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं दिल्ली-मुंबईचं झालं. आमच्या नगरपालिकेचा यात संबंध काय? आहे, चांगलाच आहे.

२०२० साली राज्य शासनाने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या घरावरचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय घेतला. घरपट्टी हे नगरपालिकेचं आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. म्हणजे गावानं आपल्या जवानासाठी आपल्या खिशातून दिलेला हा वाटा आहे. मात्र तो आपोआप मिळत नाही. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन अर्ज करावा लागतो. अर्ज नाही, तर माफी नाही. पावती निमूटपणे फाडली जाते आणि काकूंसारख्या बायका निमूटपणे भरत राहतात.

दुसरी गोष्ट तर फारच थोड्या जणींना ठाऊक असते. आपल्या राज्यातल्या नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला म्हातारा जवान, ज्याच्याजवळ दिव्यांगाचं प्रमाणपत्र आहे, तो या पैशाचाही हक्कदार होऊ शकतो. चाकाची खुर्ची असो की आणखी काही, मागायचं ते तिथेही मागावं. फौजेच्या वाटेनं नाही मिळालं, तर गावच्या वाटेनं मिळेल.

ज्यांना पेन्शन आहे, त्यांच्या औषधपाण्यासाठी २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे. तिचे दवाखाने असतात, आणि तिथून चिठ्ठी मिळाली की योजनेतल्या मोठ्या रुग्णालयात पैसे न भरता उपचार होतात. पत्नीलाही त्याचा लाभ आहे, यजमानांच्या मागेही. पण दवाखाना असतो मोठ्या गावाला. ज्या म्हाताऱ्याला खाटेवरून खुर्चीत बसवायला दोघं लागतात, त्याला चाळीस मैल न्यायचा कसा? तेव्हा पैशाइतकीच गरज असते ती गाडीची, घरी येऊन जखम बांधणाऱ्या नर्सची, आणि घरातल्या बाईला दोन तास सुटका देणाऱ्या माणसाची. हे दिल्लीहून कसं येणार? ते गावातच उभं राहायला हवं.

नाव एक, कागद दुसराच

काकूंनी अर्ज केला, आणि घोडं अडलं ते नावावर. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव लिहिलेलं होतं ते माहेरचं, कारण भरतीच्या वेळी लग्न ठरलेलं होतं, झालेलं नव्हतं. आणि आधार कार्डावर सासरचं नाव, लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं. ही त्याच जवानाची बायको कशावरून? झालं, प्रतिज्ञापत्र करा, साक्षीदार आणा, लग्नाचा पुरावा आणा. लग्न १९६४ सालचं, पत्रिका कुठली सापडायला? या खेपांत आठ महिने गेले. शेवटी मदत मंजूर झाली. पहिली रक्कम जमा झाली त्या दिवशी काकू पेढे घेऊन आल्या, आणि पेढा हातावर ठेवताना म्हणाल्या, "ते असताना मिळालं असतं, तर एक बाई ठेवली असती गं. रात्रीची तेवढी."

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. हा लेख मात्र त्यातूनच लिहिते आहे.

म्हणून, घरात, माहेरी, सासरी, शेजारी कुणी फौजेतून आलेलं असेल, तर या रविवारी एवढं कराच. ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश असेल तर तो, माजी सैनिकाचं ओळखपत्र, दोघांची आधार कार्डं, बँकेचं पासबुक आणि रहिवासी दाखला असे सगळे कागद एका पिशवीत घाला. मग शांतपणे बसून प्रत्येक कागदावरचं नाव आणि जन्मतारीख ताडून बघा. बायकोचं नाव सगळीकडे एकच आहे ना? मुलांची नावं नोंदलेली आहेत ना? नसतील, तर यजमान हयात आहेत तोवर, त्यांची सही चालते आहे तोवर, ती दुरुस्त करून घ्या. त्यांच्या हयातीत एका अर्जानं होणारं काम मागाहून आठ खेपांनी होतं. पेन्शन असेल तर दर वर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका. सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती काढा. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका. आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात एकदा स्वतः जाऊन, आपल्याला काय काय लागू आहे, हे विचारा. ऑनलाइन अर्ज करता येत नसेल तर घरातल्या कॉलेजातल्या पोराला बसवा. एरवी मोबाइल बघतोच ना तो!

मत मागायला येतील तेव्हा

आता थोडं घराबाहेरचं. २०११ पासून महाराष्ट्रात नगरपालिका, पंचायती आणि जिल्हा परिषदांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. म्हणजे आपल्या प्रभागाची नगरसेविका ही कदाचित आपलीच भिशीतली मैत्रीण असेल. तिला हळदीकुंकवाच्या दिवशी चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आपल्या प्रभागात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा किती? त्यांची यादी तुझ्याकडे आहे का? त्यातल्या कितीजणांची घरपट्टी माफ झाली? आणि आठवड्यातून एकदा नगरपालिकेच्या दवाखान्यातली नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाईल, एवढी सोय अंदाजपत्रकात बसवता येणार नाही का?

कुणी म्हणेल, फौजेतल्या माणसांचं केंद्र सरकार बघेल. खरं आहे, त्यांना धाडलं देशानं. पण ते परत आले कुठे? आपल्याच आळीत ना? सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' असं लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावानं ४६ जवान गमावले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. गेलेल्यांसाठी आपण दगड उभे करतो, ते योग्यच. पण जे परत आले आणि म्हातारे झाले, त्यांच्या पाठीला रात्री दोन वाजता हात लावायला कोण आहे? बहुतेक घरांत एकच असते. त्यांची बायको. तिचंही वय झालेलं असतं.

तेव्हा यंदा सात डिसेंबरला मुलाला पैसे द्याल, ते जरूर द्या; दहाचे पन्नास करा. पण त्याचा झेंडा फडताळावर ठेवून देऊ नका. तो घेऊन शेजारच्या काका-काकूंकडे जा, आणि सुभेदारांनी विचारला तोच प्रश्न विचारा. फक्त तेराव्याला विचारू नका, आज विचारा.