रॅमची पत्रिका जुळतेय का?

सबमिशनची तारीख जवळ आलीय. प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझरचे आठ-दहा टॅब एकत्र उघडले, की घरचा डेस्कटॉप धापा टाकायला लागतो. कुणीतरी सल्ला देतं, 'अरे, रॅम वाढव की!' सल्ला काही चुकीचा नसतो. पॉकेटमनीतून साठवलेल्या पैशांची ८ जीबीची स्टिक तुम्ही आणता, हौसेने बसवता, बटण दाबता. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळीच्या काळी!

अशा वेळी दोनच निकाल लावले जातात. एक तर 'रॅम खराब निघाली', नाहीतर 'मदरबोर्ड गेला'. पण घाई करू नका. अनेकदा दोघंही ठणठणीत असतात, फक्त त्यांचं एकमेकांशी जमत नसतं. लग्नाआधी पत्रिका बघणं तुम्हाला पटो न पटो, रॅम विकत घेण्याआधी मात्र ती बघायलाच हवी.

आधी पिढी बघा

डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. डीडीआर ३ ला २४० पिना असतात आणि ती साधारण १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट लागतात, तर डीडीआर ५ ला १.१. या दोघींनाही २८८ पिना आहेत, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. ती मुद्दामच तशी ठेवलेली असते, चुकीची स्टिक बसूच नये म्हणून. त्यामुळे स्टिक सहज बसत नसेल तर जोर लावू नका. काढा आणि लेबल वाचा.

लेबलवर आणखीही बरंच काही असतं. '१आरएक्स८' किंवा '२आरएक्स८' असं लिहिलेलं दिसेल. पहिला आकडा रँकचा, दुसरा प्रत्येक चिप किती बिटची आहे त्याचा. पुढच्या सांकेतिक अक्षरांत 'यू' असेल तर ती साध्या डेस्कटॉपची रॅम. 'आर' असेल तर ती सर्व्हरची. सेकंडहँड बाजारात सर्व्हरची रॅम फार स्वस्त मिळते, पण घरगुती मदरबोर्डवर ती चालत नाही.

पिढी जुळली, तरी गाडी अडते

हा प्रकार जुन्या मशीनवर हमखास होतो. तुमच्याकडे इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा प्रोसेसर आणि डीडीआर ३ चा बोर्ड आहे, असं समजा. या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर एका चिपमागे जास्तीत जास्त ४ गिगाबिट ओळखतो. ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी. म्हणजे ८ जीबीच्या स्टिकवर अशा १६ चिप हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. एकाच बाजूला आठ मोठ्या चिप असलेली ८ जीबीची स्टिक तो बोर्ड नाकारतो. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या डीडीआर ३ स्टिकचंही तसंच. त्यांच्या चिपची रचना इंटेलच्या या कंट्रोलरला समजतच नाही. मित्राच्या एएमडी मशीनवर तीच स्टिक धावते आणि तुमच्याकडे हलतही नाही, याचं कारण हे.

स्क्रीन काळी पडली तर

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या, की मशीन सुरू झालं तरी नेमकं काय चुकलं होतं ते कधीच कळत नाही.

१. भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच रॅमला हात लावा. अंगावरची स्थिर वीज चिपला घातक ठरू शकते.

२. नवी स्टिक काढून फक्त जुनी ठेवा. मशीन सुरू झालं? आता जुनी काढून त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी लावा. नवी एकटी चालत असेल, तर भांडण जोडीचं आहे. एका स्लॉटमध्ये दोन्ही चालतात आणि दुसऱ्यात एकही नाही, तर संशय स्लॉटवर घ्या. नवी तुमच्या कुठल्याच स्लॉटमध्ये चालत नाही, पण दुसऱ्याच्या मशीनवर चालते, तर मात्र पत्रिकाच जुळत नाही.

३. चार स्लॉट असलेल्या बोर्डवर दोन स्टिक बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डचं मॅन्युअल एकदा बघाच.

४. सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि रबराचा चुरा नीट झटका. रिपेअरवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि आजही कामाला येते.

५. बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं काढून परत लावा. बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात.

६. जुन्या रॅमवर मशीन चालत असेल, तर बायोसची नवी आवृत्ती टाकून बघता येईल. पण लोडशेडिंगच्या वेळी हे धाडस नको. अपडेट अर्धवट असताना लाइट गेली, तर बोर्डच बंद पडू शकतो.

बोर्डवर 'डीरॅम' नावाचा छोटा दिवा असेल, तर तो पेटून राहतोय का बघा. बीप वाजत असतील तर मोजा. त्यांचा अर्थ प्रत्येक बायोसचा वेगळा असतो आणि मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. डीडीआर ५ असेल तर आणखी एक गोष्ट, धीर धरा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी ताळमेळ बसवत असतो आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेवढ्यात बंद-चालू करत बसू नका.

चालू झालं, पण...

रॅम ३२०० ची घेतली आणि टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवतोय? दुकानदाराने फसवलं असं लगेच म्हणू नका. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारीकशी चिप असते. तिच्यात वेग, व्होल्टेज, टायमिंग असं सगळं लिहिलेलं असतं. पत्रिकाच म्हणा ना! बायोस आधी त्यातला साधा, सुरक्षित वेग निवडतो. जाहिरातीतल्या वेगासाठी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल चालू करावं लागतं. अर्थात बोर्ड आणि प्रोसेसरला तो वेग झेपायलाही हवा. प्रोफाइल चालू केल्यावर मशीन अडखळायला लागलं, तर ते बंद करून बघा.

दोन वेगवेगळ्या स्टिक एकत्र लावल्या, तर दोन्ही हळू चालणारीच्या वेगाने धावतात. स्टिकची संख्या वाढली तरी वेग कमी होतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. आणि विंडोज ३२ बिटची असेल, तर ८ जीबी लावूनही ती ४ जीबीच्या पुढे वापरणार नाही.

सगळ्यात धोकादायक : गुपचूप चूक

काळी स्क्रीन निदान स्पष्ट बोलते तरी. खरा धोका असतो तो वरवर नीट चालणाऱ्या रॅमचा. रॅममध्ये एखादा बिट उलटला आणि तुम्ही फाइल सेव्ह केली, तर ती चूक फाइलसकट डिस्कवर जाते. आठवड्याने प्रोजेक्टची फाइल उघडतच नाही आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. म्हणून रॅमला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची कॉपी दुसरीकडे ठेवा. नवी रॅम लावली की मेमटेस्ट८६+ हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही एरर आली, तर चालवून घेऊ म्हणू नका. एक्सएमपी बंद करून, प्रत्येक स्टिक वेगळी तपासा. तरीही एरर येणारी स्टिक परत करा.

दुकानात जाण्याआधी

विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बोर्डचं मॉडेल मिळतं. ते लिहून घ्या आणि जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो काढा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते, ती चाळा. दोन स्टिक घ्यायच्या असतील, तर एकाच पाकिटातली जोडी घ्या. लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर गल्लीतल्या दुकानात, 'जुळली नाही तर बदलून मिळेल' हे बिलावर लिहून घ्या. वीस मिनिटांचं काम आहे. तेवढं केलंत, तर सबमिशनच्या आदल्या रात्री काळ्या स्क्रीनकडे बघत बसायची वेळ येणार नाही.