मुक्त आज्ञावलीचा परिरक्षक आणि त्याला लागणारे साहाय्य

मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळते, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. ती चालती कोण ठेवतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आज्ञावली एकदा लिहिली म्हणजे काम संपले असे होत नाही. ती ज्या इतर आज्ञावलींच्या आधारावर उभी असते त्या बदलत राहतात, वापरणारे दोष कळवितात, कोणी सुधारणा सुचवितो आणि ती तपासून स्वीकारावी वा नाकारावी लागते. हे सर्व करून आज्ञावलीचा नीट बांधलेला संच, म्हणजे पॅकेज, लोकांपुढे ठेवणाऱ्या व्यक्तीला ‘मेंटेनर’ म्हणतात. येथे तिच्यासाठी परिरक्षक हा शब्द योजला आहे. पुष्कळ परिरक्षक हे काम आपला चरितार्थाचा व्यवसाय सांभाळून, वेतनाविना करीत असतात.

महाराष्ट्रातील वाचकांस जवळचे उदाहरण ‘मायावी’चे आहे. गणनेतून निघालेल्या आकड्यांची त्रिमित चित्रे काढणारे पायथन भाषेतील हे पॅकेज प्रभू रामचंद्रन यांनी २००१ साली सुरू केले. पुढे ते मुंबईच्या आयआयटीत वांतरिक्ष अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. मायावीचा पाया व्हीटीके या दुसऱ्यांच्या संचावर घातलेला असल्याने तो संच बदलला की मायावीलाही बदलणे प्राप्त होते. एकट्याने असा भार किती काळ वाहावा? मायावीला दोन प्रकारचे साहाय्य लाभले. अमेरिकेतील एन्थॉट या कंपनीने दुसऱ्या आवृत्तीच्या रचनेस पाठबळ दिले, आणि फ्रान्समधील गाएल वारोको हे संशोधक सहलेखक म्हणून आले. थोडक्या ओळींत चित्र काढून देणारा ‘एमलॅब’ हा सोपा भाग त्यांच्या परिश्रमाचे फळ होय. २०११ साली दोघांच्या नावे मायावीवरील लेख प्रसिद्ध झाला. प्रबंधात त्या लेखाचा उल्लेख करणे हेही एक साहाय्यच आहे, कारण विद्यापीठीय व्यवस्थेत परिरक्षकाच्या श्रमाची नोंद होण्याचा तो एक मार्ग असतो. आपले विद्यार्थी आकृती छापतात आणि आज्ञावलीचे नाव गाळतात, ही गोष्ट काही भूषणावह नाही.

द्रव्याची उणीव खरी आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगातील असंख्य संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पास वर्षाकाठी देणग्यांच्या रूपाने सुमारे २,००० डॉलरच मिळत असल्याचे जगास कळले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला. भारतात बंगळूरच्या झेरोधा या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तथापि पैशाने परिरक्षकाचा वेळ विकत घेता येतो. त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा जाणता मनुष्य केवळ पैशाने निर्माण होत नाही.

मग मनुष्यबळाचे साहाय्य घ्यावे, तर तेथे वेगळीच अडचण येते. किन्हवलीकडे, शहापूर-मुरबाडच्या भातशेतीच्या मुलखात, आवणीची घाई म्हणजे काय हे सांगावयास नको. अशा वेळी एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्यास मराठीत सावड म्हणतात. सावडीत श्रमांची देवघेव होते. शेत कोणाचे, याविषयी संशय नसतो. पॅकेजच्या बाबतीत मात्र नुसत्या श्रमांची मदत परिरक्षकाचे काम पुष्कळदा वाढविते, कारण आलेली प्रत्येक सुधारणा त्यालाच तपासावी लागते. त्याचा भार खरोखर हलका व्हावयाचा तर स्वीकारण्याचा आणि प्रसिद्ध करण्याचा अधिकारच वाटून द्यावा लागतो, म्हणजे बांधावरच्या माणसाला सातबाऱ्यावर घ्यावे लागते.

यातील धोका ‘एक्सझेड’ प्रकरणाने दाखवून दिला. ही संक्षेपण-आज्ञावली फिनलंडचे लासे कोलिन हे प्रायः एकट्यानेच सांभाळीत होते. हे वेतनाविना चाललेले छंदाचे काम आहे आणि आपली शक्ती मर्यादित आहे, असे त्यांनी २०२२ मध्ये उघडपणे सांगितले होते. त्याच सुमारास काही अनोळखी नावांनी, कामास विलंब होतो अशी तक्रार करून, त्यांच्यावर सतत दडपण आणले. ‘जिया तान’ या नावाने वावरणारी व्यक्ती २०२१ पासून उपयुक्त सुधारणा पाठवीत होती. तिला हळूहळू अधिकार मिळाले. २०२४ च्या आरंभी तिने त्याच आज्ञावलीत चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले आणि मार्च २०२४ च्या अखेरीस तो डाव उघड झाला. दोष कोलिन यांच्या भोळेपणाचा मानणे अन्यायाचे होईल. थकलेल्या माणसाजवळ मदत घेऊन एकच मनुष्य आला आणि तोच ठक होता. खऱ्या मदतनिसांपैकी त्या वेळी कोणीच तेथे नव्हते.

साहाय्य मागण्याची रीतच संस्थेने घालून द्यावी, हा यावरचा उपाय होय, आणि १९९३ साली स्थापन झालेल्या डेबियन प्रकल्पात ती बऱ्याच अंशी आढळते. कोणावरही काम करण्याचे बंधन नाही, असे त्या प्रकल्पाची घटनाच सांगते. परिरक्षकास एकट्याने भागत नसेल तर तो ‘साहाय्य हवे’ अशी जाहीर नोंद करतो. पॅकेज सोडावयाचे असल्यास ते दत्तक देऊ करतो. अगदीच सुटले तर ते ‘अनाथ’ म्हणून यादीत लागते. अशी नोंद करण्यात कमीपणा मानला जात नाही. नवख्याचे काम अनुभवी सभासद तपासतो आणि आपल्या जबाबदारीवर पुढे पाठवितो. अनेक पॅकेजे एका व्यक्तीऐवजी गटाच्या नावे असतात. विश्वास बसावयास वेळ लागतो, परंतु तो अनेकांच्या देखत बसतो.

या व्यवस्थेत दूरच्या वाचकालाही स्थान आहे. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांना युनिकोडमध्ये हिंदीहून निराळे संकेतांक नाहीत. टंकात दोन्ही आकृती ठेवतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे कळले तर मराठी आकृती उमटते. ‘लोहित देवनागरी’ या मुक्त टंकात अशी सोय आहे. तरीही पडद्यावर हिंदी वळण दिसले, तर चूक टंकाची, अक्षरजुळणी करणाऱ्या हार्फबझची, की भाषेची खूणच पुढे न पाठविणाऱ्या आज्ञावलीची, हे शोधावे लागते. ज्या परिरक्षकास मराठी वाचता येत नाही त्याला चूक झाली आहे हेदेखील दिसणार नाही. किन्हवलीतील एखाद्या विद्यार्थ्याने तोच मजकूर दोन आज्ञावलींत उघडून, प्रत्येकीची आवृत्ती, टंकाचे नाव आणि पडद्याचे चित्र जोडून योग्य परिरक्षकास लिहिले, तर त्याचे कित्येक तासांचे काम वाचते. आणि तोच विद्यार्थी वर्षभर अशा तक्रारींची छाननी करीत राहिला, तर पुढे अधिकार कोणास द्यावा हे परिरक्षकास अनोळखी माणसाच्या पत्रावरून ठरवावे लागत नाही.