हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, वेळ वेगळी

पृथ्वीगोलावर हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर अंतर भरतं साधारण 7,800 किलोमीटर. हा दोरा जवळपास सगळा रशियावरून, सायबेरियाच्या डोक्यावरून जातो. ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडणारं जेट विमान, चढणं-उतरणं धरून, साडेनऊ-दहा तासांत पोहोचायचं. युरोपातून जपान गाठायचा हा जवळचा रस्ता, आणि फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीने आपला धंदा त्यावरच उभा केला होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं. आता एक तर उत्तर ध्रुवावरून अलास्काकडे वळसा घाला, नाहीतर दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे जा. दोन्हीकडून वेळ तेरा तासांच्या घरात. ध्रुवावरून गेलेल्या प्रवाशांना कंपनीने प्रमाणपत्रं वाटली. उशिराची भरपाई म्हणून कल्पना वाईट नाही! इंधन मात्र कित्येक टन जास्त जळतं. तरी ध्रुवाची वाट नवी नव्हे. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश टाळून 1983 पासून फिनएअरची डीसी-10 विमानं तिथूनच टोकियोला जात.