‘आधी गोळी’ की ‘आधी गोली’? रुग्णसुरक्षेचा प्रश्न शब्दांपासून सुरू होतो

वाराणसी : पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये दुर्गाघाट आहे. अठराव्या शतकात पेशव्यांना पूज्य असलेल्या नारायण दीक्षितांचे नाव या परिसराच्या उभारणीशी जोडलेले आहे. तेव्हापासून येथील गल्ल्यांमध्ये मराठी घरे नांदत आली आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद, की रुग्णवाहिका दाराशी येऊ शकत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागते. तेथून कबीरचौऱ्याचे शिवप्रसाद गुप्त रुग्णालय, लक्सा येथील रामकृष्ण मिशनचा सेवाश्रम किंवा दूरवरचे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय गाठायचे.

या प्रवासात रुग्णाबरोबर त्याची हकिकतही हातोहाती जाते. घरच्यांकडून शेजाऱ्याकडे, शेजाऱ्याकडून अपघात विभागातील परिचारिकेकडे, तिच्याकडून डॉक्टरांकडे आणि पाळी बदलली की दुसऱ्या परिचारिकेकडे. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळते, काहीतरी बदलते. रुग्णसुरक्षेचा विचार करणारे शास्त्र याच सांध्यांकडे बोट दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना सुमारे दर दहा रुग्णांपैकी एकाला अपाय होतो आणि असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून अधिक मृत्यू होतात. यांतील निम्म्याहून अधिक अपाय टाळता येण्याजोगे असतात, आणि टाळता येण्याजोग्या अपायांपैकी जवळजवळ निम्मे औषधांशी निगडित असतात.

काशीतील जुन्या मराठी कुटुंबांना हिंदी परकी नाही. बाजारहाट, शाळा, कचेरी सारे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हिंदीतच केले. मात्र वेदना सुरू झाली, की माणूस आईच्या भाषेत बोलू लागतो. शिवाय यात्रेला आलेले वा उतारवयात काशीवासासाठी आलेले वृद्ध असतातच. मराठी आणि हिंदी या बहिणी असल्याने ‘आपल्याला समजते’ असा दोन्ही बाजूंचा समज असतो, आणि धोका तेथेच दडलेला आहे. तमिळ रुग्ण आणि हिंदीभाषक परिचारिका समोरासमोर आल्या, तर दोघी दुभाष्या शोधतील. मराठी आणि हिंदीच्या बाबतीत तो कोणी शोधत नाही.

‘आधी’ हा एकच शब्द पाहावा. हिंदीत ‘आधी गोली’ म्हणजे अर्धी गोळी. मराठीत ‘आधी गोळी’ म्हणजे अगोदर गोळी. ‘सुबह आधी गोली’ ही सूचना मराठी कानाला ‘सकाळी सर्वांत आधी गोळी’ अशी ऐकू येऊ शकते, आणि मग अर्धीऐवजी पूर्ण गोळी पोटात जाते. जीवनसत्त्वाच्या गोळीबाबत हे खपून जाईल. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हृदयाची गती नियंत्रित करणाऱ्या औषधाबाबत दुप्पट मात्रा प्राणावर बेतू शकते. ‘खाली पेट’ म्हणजे उपाशीपोटी हे दूरचित्रवाणीमुळे अनेकांना ठाऊक झाले आहे; तरी ज्या वृद्धेचे सारे आयुष्य एखाद्या खेड्यात गेले, तिच्यासाठी ‘खाली’ म्हणजे खालच्या बाजूस एवढेच. हिंदीतील ‘कल’ तर हिंदीभाषकांनाही संदर्भानेच उलगडतो. ‘दवा कल से बंद’ म्हणजे कालपासून बंद आहे, की उद्यापासून बंद करायची? शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी हा फरक क्षुल्लक नसतो. त्यातच मराठी गर्भवती ‘कळा येताहेत’ म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानावर वेदनेऐवजी उद्याचा दिवस पडण्याची शक्यता असते.

लक्षणांचे शब्द आणखी निसरडे आहेत. ‘जीव घाबरा होतो’, ‘धाप लागते’, ‘छाती भरून आली’, ‘भोवळ आली’, ‘कसेतरीच होते आहे’. यांतील शेवटचे वाक्य सर्वांत संदिग्ध असले, तरी अनुभवी परिचारिका ते कधीच उडवून लावत नाही. वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत ठळक वेदना न होताही येतो. कसेतरी होणे, घाम येणे, थकवा वाटणे एवढीच त्याची खूण असू शकते. त्यामुळे रुग्णाचे शब्द भाषांतर करून न लिहिता जसेच्या तसे नोंदवणे आणि त्यापुढे आपला अर्थ लिहिणे ही साधी सवय उपयोगी पडते. सुदैवाने दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच आहे.

आकड्यांचीही तीच गत. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत अंतर एका वर्णाचे, पण इन्सुलिनच्या मात्रेत ते अंतर जीवन-मरणाचे ठरते. म्हणून दूरध्वनीवरून दिलेला आदेश ऐकणाऱ्याने लिहून घ्यावा, लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच अमलात आणावा, असा नियम जगभर रूढ झाला. आकडा सुटा सुटा उच्चारावा : ‘साठ, म्हणजे सहा-शून्य’. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेचे निष्कर्ष कळवणारे ८२२ दूरध्वनी तपासले गेले. वाचून दाखवायला सांगितल्यावर त्यांत २९ चुका आढळल्या, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वाचून दाखवण्यास काही सेकंद लागतात. न दाखवल्यास त्या २९ चुका रुग्णांपर्यंत पोहोचल्या असत्या.

इन्सुलिनच्या बाबतीत भारतात आणखी एक सापळा आहे. येथे एका मिलिलिटरमध्ये ४० एकक असलेल्या कुप्या मिळतात आणि १०० एकक असलेली इन्सुलिनेही मिळतात. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० एककांच्या सिरिंजचे टोपण सामान्यतः लाल, तर १०० एककांच्या सिरिंजचे नारिंगी असते. शंभर एककांचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरले, तर ठरलेल्या मात्रेच्या अडीचपट औषध शरीरात जाते आणि रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. ‘वीस युनिट द्या’ हा आदेश अचूक ऐकला, अचूक लिहिला, तरीही चूक होते ती अशी. युनिटसाठी नुसते रोमन अक्षर ‘यू’ लिहू नये हा नियमही अनुभवातूनच आला, कारण घाईत लिहिलेला तो ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

परिचारिकेने डॉक्टरांना काय सांगावे, याची एक ठरीव चौकट आता शुश्रूषा शिक्षणाचा भाग झाली आहे. तिला ‘एसबार’ म्हणतात. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमध्ये आहे. कोलोरॅडो येथील कैसर परमनेन्टे या आरोग्यसंस्थेत डॉ. मायकेल लिओनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रुग्णालयासाठी घडवली. स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली शिफारस या क्रमाने बोलायचे. ‘सर, बारा नंबरचा पेशंट बरा वाटत नाही, एकदा बघून जाता का?’ हे वाक्य मध्यरात्री तीन वाजता कानावर पडले, तर बहुधा ‘सकाळी बघू’ असे उत्तर येते. त्याऐवजी ‘खाट क्रमांक बारा, शस्त्रक्रियेला सहा तास झाले, रक्तदाब १३० वरून ९० वर आला, नाडी १२०, आतून रक्तस्राव होत असावा असे मला वाटते, आपण दहा मिनिटांत यावे’ असे सांगितले, तर निर्णय टाळणे कठीण जाते. या पद्धतीविषयीच्या संशोधनाचा २०१८ मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की रुग्णसुरक्षा सुधारते याचा पुरावा मध्यम स्वरूपाचा आहे आणि तो मुख्यतः दूरध्वनीवरील संवादाबाबत अधिक ठळक आहे.

चौकटीतील चौथा भाग, शिफारस, भारतीय रुग्णालयांत सर्वांत अवघड. आपल्याकडे परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणून आदराने हाक मारली जाते, परंतु तिने डॉक्टरांना ‘तुम्ही यावे’ असे सांगणे हा अनेकदा उद्धटपणा मानला जातो. ही अडचण तिला प्रशिक्षण दिल्याने सुटत नाही. ऐकणाऱ्यालाही शिकवावे लागते.

पुराव्यावर आधारलेली शुश्रूषा म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी दूर जायला नको. त्या विषयातील एक मोठा प्रयोग याच उत्तर प्रदेशात झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित प्रसूतीसाठी २९ बाबींची तपासणी-यादी तयार केली. मातेच्या आगमनाच्या वेळी, बाळ बाहेर येण्याच्या क्षणाआधी, जन्मानंतर तासाभरात आणि घरी सोडताना अशा चार वेळा थांबून ती पाहायची. कर्नाटकातील एका तालुकास्तरीय प्रसूतिकेंद्रात केलेल्या प्राथमिक चाचणीत, यादी आल्यावर दर प्रसूतीत पार पडणाऱ्या आवश्यक बाबी सरासरी १० वरून २५ वर गेल्या. आशा बळावली.

पुढे उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांतील १२० सरकारी केंद्रांमध्ये व्यापक चाचणी झाली. दीड लाखाहून अधिक माता तिच्यात सहभागी होत्या. निम्म्या केंद्रांत आठ महिने मार्गदर्शक जाऊन यादी वापरायला शिकवत होते. दोन महिन्यांनंतर या केंद्रांत आवश्यक कृती सुमारे ७३ टक्के प्रमाणात होत होत्या. इतर केंद्रांत ४२ टक्के. मार्गदर्शन संपल्यावर, बाराव्या महिन्यात, हे प्रमाण ६२ आणि ४४ टक्क्यांवर आले. आणि मुख्य प्रश्नाचे उत्तर? माता वा बाळाचा मृत्यू किंवा मातेला गंभीर इजा यांचे एकत्रित प्रमाण यादी वापरणाऱ्या केंद्रांत १५.१ टक्के, न वापरणाऱ्या केंद्रांत १५.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. डिसेंबर २०१७ मध्ये हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाचा अर्थ ‘यादी निरुपयोगी’ असा काढणे घाईचे ठरेल. २००९ साली आठ शहरांत, त्यांत दिल्लीही होती, शस्त्रक्रियेच्या वेळच्या तपासणी-यादीची चाचणी झाली तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते. प्रसूतिकेंद्रात मात्र यादी आठवण करून देऊ शकते, पण श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देण्याचे कौशल्य, रक्तपेढी आणि वेळेवर मोठ्या रुग्णालयात नेणारी गाडी यादीत लिहून निर्माण होत नाही. पुराव्याला मान देणे म्हणजे नकोसा निष्कर्षही पदरात घेणे. या चाचणीने ते केले, हीच तिची मोठी कामगिरी म्हणावी लागेल.

धोरणांच्या पातळीवर बरेच लिहिले गेले आहे. केंद्र सरकारने २०१८ ते २०२५ या काळासाठी राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा तयार केला. २०१९ पासून दर १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, आपल्या आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. प्रत्यक्षात एका परिचारिकेवर किती रुग्णांचा भार आहे, यावर त्या हक्काचे भवितव्य ठरते. तीस रुग्णांना औषध देणारी परिचारिका प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा पडताळू शकते का, हा प्रश्न आराखड्यापेक्षा वेतनपत्रकात सुटेल.

घरच्यांच्या हातीही बरेच आहे. ‘समजले का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हेच उत्तर असते. वृद्ध तर मान हलवूनच मोकळे होतात. म्हणून परिचारिकेने ‘आता ही गोळी घरी कशी घ्याल, मला सांगा बघू’ असे विचारावे, आणि तिने विचारले नाही, तर नातेवाइकांनी आपणहून सांगून दाखवावे. ‘कल’ऐवजी वार आणि तारीख बोलावी. ‘आधी’ऐवजी मराठीत ‘अगोदर’ किंवा ‘अर्धी’ म्हणावे. चिठ्ठीवरील १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे एकदा तोंडाने वदवून घ्यावे.

आणि एक कागद. त्यावर रुग्णाचे पूर्ण नाव, वय, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी, तिची मिलिग्रॅममधील मात्रा आणि ती शेवटची कधी घेतली, एवढेच. सूचना देवनागरीत लिहिल्या, तर काशीतील बहुतेक परिचारिका त्या वाचू शकतील. औषधांची नावे मात्र वेष्टनावरून रोमन लिपीत जशीच्या तशी उतरवावीत. पाळीवर केरळची सिस्टर असली, तर तिलाही ती लागतील. कागदावर तारीख घालावी आणि औषध बदलले की जुना कागद फाडून टाकावा. दुर्गाघाटाच्या गल्लीतून खुर्चीवर बसून निघालेल्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात तो कागद असावा. शेजाऱ्याच्या आठवणीवर सोडू नये.